आवडत्या स्की रिसॉर्टने या वेळी निराश केले
गर्दी टाळावी म्हणून मुद्दाम बुधवारी गेलो, पण वरच्या उतारांकडे नेणारी मुख्य लिफ्टच बंद होती आणि पूर्ण दराचे तिकीट हातात पडेपर्यंत त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ उतार उघडण्यापूर्वी यंत्र फिरवून मोकळा करावा लागतो. ते झालेच नव्हते, त्यामुळे वळताना स्कीची कड रुतण्याऐवजी खरखरत घसरत होती. नवशिक्यांसाठी हे सरळसरळ धोक्याचे आहे. कृत्रिम बर्फासाठी थंड, कोरडी हवा लागते हे मान्य, मात्र उतारांची निगा राखणे व्यवस्थापनाच्याच हातात असते. बचाव पथकाचे कर्मचारी तेवढे तत्पर होते. चालू लिफ्टची यादी तिकीट खिडकीवर लागेपर्यंत मी तरी मधल्या वारी तिथे जाणार नाही.