डी ला सोल की बीस्टी बॉईज? १९८९चे दोन अल्बम

दोन्ही अमेरिकन हिप-हॉप गट; दोन्ही अल्बम जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांवर, म्हणजे सॅम्पलवर उभे, पण कारागिरी अगदी वेगळी.

डी ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' निर्माता प्रिन्स पॉलच्या हातचा. त्यातलं 'आय नो' ऐका: स्टीली डॅनच्या 'पेग'चा तुकडा आणि वर ओटिस रेडिंगची 'डॉक ऑफ द बे'मधली शीळ. जोड कुठे आहे ते कळतही नाही. मधलं गेम शोचं नाटक मात्र मी दर वेळी पुढे ढकलतो.

बीस्टी बॉईजच्या 'पॉल्स बुटीक'मध्ये डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांना जोड दाखवण्याचीच हौस. 'द साउंड्स ऑफ सायन्स'मध्ये चक्क बीटल्सच्या गाण्यांचे तुकडे, आणि अर्ध्यावर ताल एकदम सुसाट सुटतो. आधीच्या अल्बमपुढे याचा खप पडला, कौतुक नंतर झालं. हेडफोनवर मला हाच जास्त आवडतो. चार लोकांत लावायला डी ला सोल.

तुकडे उचलण्याची किंमत डी ला सोलनेच जास्त मोजली. आपल्या गाण्याचा तुकडा वापरला म्हणून 'द टर्टल्स' या जुन्या रॉक बँडच्या सदस्यांनी दावा ठोकला, आणि सॅम्पलच्या हक्कांच्या भानगडीत हा अल्बम स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला.