खासदारकीचं पॅकेज घेतलं होतं, पाचपैकी दोन स्टार (एक पूर्ण वकील पोराचा)

रिव्ह्यू उशिराच देतोय, गोष्ट लोकसभा 2024 ची आहे, पण परवा त्याच प्रचार सांभाळणाऱ्या एजन्सीचा परत फोन आला की दादा झेडपीसाठी नवीन पॅकेज आलंय, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो, कुणाचे तरी पैसे वाचतील. नाव टाकत नाही, नाव बदलायला त्यांना दोन दिवस लागतात. मतदारसंघ पण सांगत नाही, जालन्याला लागून आहे आणि मतदान 13 मे ला होतं एवढं पुरे.

उमेदवार माझा मावसभाऊ. वय 27, तालुक्याला अभ्यासिका चालवतो, पोरं त्याला सर म्हणतात. घरात कुणी ग्रामपंचायत मेंबरसुद्धा नाही. खासदारकीला वयाची अट 25 आहे, ती बसते म्हणल्यावर गडी उभा राहायला निघाला. मी म्हणलं अरे आधी झेडपी लढ, तर म्हणे दादा झेडपीची निवडणूकच होत नाहीये, किती वर्ष थांबू. आता यावर काय बोलणार, खरंच होत नव्हती.

तर एजन्सी. संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, एसी फुल्ल, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर आलेख वरखाली होतायत. साहेबांनी चहा मागवला आणि पहिलं उदाहरण दिलं राजस्थानातल्या बाडमेरच्या रवींद्रसिंह भाटीचं, बघा सव्वीस वर्षांचा पोरगा, अपक्ष, कुणाला माहीत नव्हता आणि सभेला गर्दी बघा. मावसभावाचे डोळे चमकले तिथंच मला कळलं की आता पॅकेजचे साडेचार लाख गेले. हे उदाहरणच मुळात चुकीचं होतं हो. भाटी 2019 मध्ये जोधपूरच्या विद्यापीठात विद्यार्थी संघाचा अध्यक्ष झाला होता तोसुद्धा अपक्ष, मग डिसेंबर 2023 ला शिव मधून आमदार, मग लोकसभा. आपल्याला इथं माहीत नव्हता म्हणजे बाडमेरात माहीत नव्हता असं थोडंच आहे. आणि एवढं करून पावणेसहा लाखाच्या वर मतं घेऊन पण पडलाच.

पॅकेजमध्ये काय काय होतं तर सर्व्हे, तीस रील, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, रेकॉर्ड केलेले कॉल आणि कागदपत्रांची मदत.

सर्व्हेपासून सुरू करतो. 64 पानांची पीडीएफ आली, रंगीत, कव्हरवर भावाचा हात जोडलेला फोटो. पान 31 वर लिहिलेलं "किनारपट्टीवरील मच्छीमार मतदार नाराज असून डिझेल परतावा हा मुद्दा लावून धरावा". मराठवाड्यात! आमच्याकडं एप्रिलमध्ये प्यायला टँकर येतो आणि हे किनारपट्टी शोधून बसले. फोन केला तर म्हणे टायपिंग मिस्टेक आहे, पण बाकी डेटा करेक्ट आहे. त्याच बाकी डेटात जिंकण्याचे चान्सेस 38 टक्के लिहिले होते, आणि खरं सांगतो, मच्छीमारांवर हसून झाल्यावर पण तो 38 चा आकडा घरात सगळ्यांच्या डोक्यात बसला. मावशीने तर शेजारी सांगून टाकलं.

रील मात्र चांगले बनवले, खोटं बोलणार नाही. टँकरच्या रांगेतला एक रील चार लाखावर गेला. मग मी आतमध्ये जाऊन बघितलं कोण बघतंय तर सगळ्यात जास्त पुणे, मग मुंबई, मग नाशिक. आता पुण्यात बघणारे म्हणजे आपलीच चाकण-भोसरीला कामाला गेलेली पोरं असणार, त्यांचं मत गावाकडंच आहे, ती जर मतदानाला आली असती तर कायतरी झालं असतं. मी साहेबांना म्हणलं त्यांना आणायचं काय, गाड्या नाही लावता येत कायद्याने, पण फोन तरी करा, यादी तरी बनवा. तर म्हणे ते गोल्ड पॅकेजमध्ये येतं.

रेकॉर्ड केलेले कॉल दुपारी दोन वाजता जायचे. मे महिन्यात दुपारी दोनला माणूस झोपलेला असतो नाहीतर लग्नात जेवायला बसलेला असतो. लोकांनी शिव्या दिल्या त्या उमेदवाराला दिल्या, एजन्सीला कोण ओळखतं.

चिन्हाचा किस्सा ऐका. अपक्षाला फॉर्ममध्येच तीन चिन्हं पसंतीने लिहावी लागतात. दोन आम्ही विचार करून लिहिली, तिसरं एजन्सीच्या पोरीने यादीत बोट ठेवून लिहिलं, काय फरक पडतो म्हणाली. 29 एप्रिलला माघारीची मुदत संपली, आमची पहिली दोन्ही चिन्हं दुसऱ्यांनीपण मागितलेली, चिठ्ठीत गेली, आणि आमच्या वाट्याला आलं बेबी वॉकर. 27 वर्षांच्या उमेदवाराला बेबी वॉकर! साहेब म्हणाले चिन्ह जास्त दाखवू नका, चेहरा दाखवा. इथं मी भांडलो. कारण मशीनवर आमचं नाव तिसऱ्या युनिटवर होतं, आधी मोठे पक्ष, मग छोटे नोंदणीवाले, मग अपक्ष, म्हातारं माणूस तीन मशीनमध्ये चेहरा शोधत बसणार आहे का, ते चिन्ह शोधतं. चिन्हाची ताकद किती असते ते निकालाच्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राने बघितलं, दिंडोरीत बाबू भगरे नावाच्या अपक्षाला पिपाणीवर एक लाखाच्या वर मतं पडली, कारण समोर भास्कर भगरे आणि त्यांची तुतारी, आडनाव तेच आणि चिन्ह पण सारखंच वाटणारं. प्रचाराचा पत्ता नाही आणि लाखभर मतं.

आमचं चिन्ह वाचवलं बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सवाल्या मामांनी. त्यांना वेगळे पाच स्टार, ते पॅकेजमध्ये नव्हते. मामांनी विचारलं हे काय आहे, मी म्हणलं बेबी वॉकर, तर म्हणाले अरे हा तर पांगुळगाडा, असं लिहा ना. आणि फ्लेक्सवर चेहऱ्यापेक्षा पांगुळगाडा मोठा केला, टेंपोवर खरा लाकडी पांगुळगाडा दोरीने बांधून दिला, शिवाय पत्रकाखाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकायची आठवण पण त्यांनीच केली, ते नाही टाकलं तर गुन्हा आहे. एका वस्तीवर एक आजी टेंपोला हात लावून म्हणाली, लेकरू आजून पांगुळगाड्यातच हाय व्हय, मग दिल्लीला चालत कवा जायचं. सगळे हसले, भाऊ पण हसला. पण चिन्ह लक्षात राहिलं ना.

आता तो स्टार. एजन्सीत एक वकिली शिकणारा पोरगा होता, कागदपत्रांसाठी दिलेला. आमच्या शपथपत्रात तीन रकाने मोकळे होते, आम्हाला वाटलं मालमत्ता नाही तर काय लिहायचं. तो रात्री साडेअकराला मोटारसायकलवर आला आणि म्हणाला मोकळं सोडलं तर छाननीत फॉर्म उडेल, निरंक लिहा. परत सगळं टाईप, परत नोटरी. दहा सूचकांचे यादी भाग क्रमांक पण त्यानेच तपासले, एकाचा चुकला होता. तो पोरगा नसता तर 26 एप्रिललाच विषय संपला असता.

बिलाची कथा मात्र वाईट. रोख द्या म्हणाले, बिल नंतर देऊ. निवडणुकीचं बँक खातं वेगळं असतं, एकाच माणसाला दहा हजाराच्या वर रोख देता येत नाही आणि निकालानंतर तीस दिवसात हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर तीन वर्ष लढता येत नाही. खर्च तपासणाऱ्यांनी विचारलं हे रील कुणी केले, बिल कुठाय. खर्चाची मर्यादा 95 लाख होती, आम्ही त्याच्या आसपास पण नव्हतो, पण पकडले जाणार कोण तर बिल नसलेला. जून महिनाभर मी त्या तिसऱ्या मजल्याच्या चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला टीव्हीवरचा आलेख बघितला, मार्चमध्ये होता तोच व्हिडिओ, फिरून फिरून लावलेला.

निकाल विचारू नका, मतं चार आकडी, 25 हजार डिपॉझिट जप्त. वीस लाखाच्या वर मतदार, दोन हजाराच्या वर बूथ, त्यातल्या दीडशेवर आमचा माणूस बसला होता. आणि शेजारी जालन्यात मंगेश साबळे, गेवराई पायगाचा सरपंच, फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर दोन लाखाच्या नोटा उधळणारा तोच, विहिरीच्या लाचेवरून. त्याने अपक्ष राहून दीड लाखाच्या वर मतं घेतली, तिसरा आला, आणि तरी डिपॉझिट गेलं कारण ते वाचवायला एकूण मतांचा सहावा हिस्सा लागतो आणि तो दोन लाखाच्या वर जात होता. त्याला सगळे ओळखत होते आणि तरी तिसरा. आमच्या पठ्ठ्याला अभ्यासिकेतली पोरं ओळखत होती. 38 टक्के म्हणे!

तर झेडपीच्या पॅकेजमध्ये काय काय आहे असं मी त्या फोनवाल्याला विचारलं, म्हणाला रील, कॉल आणि सर्व्हे. म्हणलं तो वकिली शिकणारा पोरगा आहे का अजून. म्हणाला तो सोडून गेला. फोन ठेवला. भाऊ सध्या गटातल्या वाड्यावस्त्या फिरतोय, मोटारसायकलवर, आणि लोक लांबूनच हाक मारतात, ए पांगुळगाडा, चहा घेऊन जा.