वरचं बीपी १४० पुरे, की १२०पर्यंत उतरवायचं?

आईच्या फाईलमध्ये एकाच महिन्यातल्या दोन चिठ्ठ्या आहेत. नेहमीच्या डॉक्टरांनी लिहिलंय, '१३८/८०, ठीक आहे, तीच गोळी चालू.' किडनीच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली आणि लिहिलं, '१३०च्या खाली हवं, सोसलं तर १२०.' आई ७१ वर्षांची. मधुमेह नाही, पण लघवीतून थोडं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) जातंय आणि क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) किंचित वर आहे. दोन्ही डॉक्टर अनुभवी आणि दोघांवरही आमचा विश्वास. मग ऐकायचं कोणाचं? मी डॉक्टर नाही, पण या दोन आकड्यांमागचं संशोधन बसून वाचलं. ज्यांच्या घरात हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१२०च्या बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे अमेरिकेतली 'स्प्रिंट' चाचणी. ५० वर्षांवरची, हृदयविकाराचा धोका जास्त असलेली ९,३६१ माणसं त्यात होती. मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले यात घेतलेच नव्हते. अर्ध्यांचं वरचं बीपी १४०च्या खाली ठेवायचं, अर्ध्यांचं १२०च्या खाली. २०१५ मध्ये चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली, कारण फरक स्पष्ट दिसत होता. १२०वाल्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात, हार्ट फेल्युअर असे प्रसंग मिळून सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते आणि एकूण मृत्यू सुमारे २७ टक्क्यांनी. टक्के ऐकून हुरळून जायला होतं, म्हणून दुसऱ्या बाजूनेही मोजावं: सव्वातीन वर्षं ६१ जणांना १२०च्या मागे नेलं तेव्हा एकाचा असा प्रसंग टळला. माझ्या मते हेही थोडं नाही. पण बाकीच्या ६० जणांनीही गोळ्या घेतल्याच, सरासरी १.८ ऐवजी २.८ औषधं.

त्याची किंमतही त्याच चाचणीत दिसते. बीपी फार उतरणं, भोवळ येऊन पडणं, सोडियम-पोटॅशियम बिघडणं, किडनीला अचानक दणका बसणं, हे सगळं १२०वाल्यांत जास्त होतं. किडनीचा दणका ४.१ टक्के विरुद्ध २.५ टक्के. पडून इजा होण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. माझी सगळ्यात मोठी भीती तीच होती, म्हणून हे वाचून जीव थोडा भांड्यात पडला. तरी एक लक्षात ठेवायला हवं: उभं राहिल्यावर ज्यांचं बीपी आधीच ११०च्या खाली जात होतं, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं.

तो १२० आणि आपला १२०

मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट इथे आहे. स्प्रिंटमध्ये माणसाला पाच मिनिटं शांत बसवून, बऱ्याच ठिकाणी खोलीत एकटं ठेवून, यंत्राने तीन वेळा आपोआप मोजलं आणि सरासरी धरली. आपल्या ओपीडीत काय होतं? जिना चढून आलो, नंबर पुकारला, बाहीवरच पट्टा गुंडाळला, बोलता बोलता एकदा मोजलं. असा आकडा बहुतेक वेळा वरच येतो. म्हणजे गडबडीत मोजलेल्या १३८ला १२०वर आणायला गोळ्या वाढवत गेलो, तर शांत बसलेल्या माणसाचं खरं बीपी १०५लाही पोचेल. मोजणं नीट नसेल तर १२०चा हट्ट धरू नये, हे माझं ठाम मत आहे.

किडनीसाठी की हृदयासाठी?

मला वाटायचं, किडनी वाचवायची तर बीपी जितकं खाली तितकं बरं. किडनीतल्या गाळण्यांवर दाब जास्त पडला की त्या झिजतात, अल्ब्युमिन गळायला लागतं, आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरीच झीज होऊन गेलेली असते. हे खरंच आहे. पण स्प्रिंटमध्ये किडनी आधीच अधू असलेले २,६००हून अधिक लोक होते. १२०वाल्या गटात त्यांच्यातले मृत्यू कमी झाले, किडनी बिघडण्याचा वेग मात्र ठळकपणे कमी झाला नाही. त्याआधी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर झालेल्या 'आस्क' चाचणीतही २००२ साली जास्त खाली नेल्याने किडनीला जादा फायदा दिसला नव्हता. त्याच लोकांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा २०१०मध्ये फायदा दिसला तो लघवीतून प्रथिन जाणाऱ्यांनाच.

म्हणजे किडनीचे डॉक्टर १२० म्हणतात तेव्हा ते बऱ्याच अंशी किडनी अधू झालेल्या माणसाचं हृदय वाचवत असतात. हे कळल्यावर आमचा प्रश्न बदलला. १४० की १२० हे ठरवण्याआधी आईच्या लघवीतलं अल्ब्युमिन किती, टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत जाड झाली आहे का, हे पाहिलं. किडनी-हृदयावर बीपीची अशी खूण दिसत असेल तर खाली जाण्यात अर्थ वाढतो. आणि अल्ब्युमिन जात असेल तर कोणती गोळी हेही महत्त्वाचं: आस्कमध्ये रॅमिप्रिल या बीपीच्या गोळीने किडनीची झीज ॲम्लोडिपिन या दुसऱ्या गोळीपेक्षा हळू केली होती.

मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळी, आणि ती मधल्या काळात पालटली. २०१०च्या 'ॲकॉर्ड'मध्ये १२०चा एकूण फायदा सिद्ध झाला नाही, फक्त पक्षाघात कमी झाले. २०२४मध्ये चीनमधल्या 'बीप्रोड'ने १२,८२१ मधुमेहींवर तोच प्रश्न विचारला आणि प्रसंग सुमारे २१ टक्क्यांनी कमी दाखवले. घरात कोणी मधुमेही असेल आणि पूर्वी 'तुम्हाला १४० चालेल' असं सांगितलं गेलं असेल, तर पुन्हा विचारायला हरकत नाही.

वय ८०च्या पुढे, अंगात ताकद कमी, चालताना आधार लागतो, तर मी घाई करणार नाही. २००८च्या 'हायव्हेट'मध्ये ८०च्या वरच्यांना १५०पर्यंत आणूनही मृत्यू आणि हार्ट फेल्युअर कमी झाले होते. आणि खालचं बीपी ६०च्या आसपास घसरत असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवा. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात भरतात, त्यांना तेवढा दाब लागतो.

दोन टोकांच्या मधली वाटही आहे. चीनच्याच 'स्टेप' चाचणीत, २०२१ साली, ६० ते ८० वयाच्या ८,५११ जणांत १३०च्या खाली आणणं पुरेसं ठरलं. १३० ते १५०मध्ये ठेवलेल्यांपेक्षा प्रसंग सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. आपल्याकडच्या ७०च्या आसपासच्या, हिंडत्याफिरत्या माणसाला मला हीच चाचणी जवळची वाटते.

आम्ही आईसाठी १३०च्या खाली हे ठरवलं, दोन्ही डॉक्टरांना तसं सांगितलं आणि दोघांनीही मान्य केलं. वाढवलेली गोळी चालू आहे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं टेकून बसून, उघड्या दंडावर पट्टा बांधून दोनदा मोजतो आणि त्यानंतर उभं करून एकदा. परवाचे आकडे बसून १२६, उभ्याने ११८, चक्कर नाही. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंय.