वजनांचं चाक, ३ किलोवॅटचं आमिष आणि गेलेले १,७९,५०० रुपये

विजेशिवाय, इंधनाशिवाय आपोआप फिरून ३ किलोवॅट वीज देईल, या बोलीवर आम्ही एक चाक घेतलं. बुकिंगला ५१,०००. चाक गाळ्यावर उतरवताना १,२०,०००. पंधरा दिवसांनी ‘बेअरिंग ट्यून करायला’ ८,५००. एकूण १,७९,५०० रुपये. त्या बदल्यात ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गाळ्यात चार फुटी चाक उभं आहे: बिजागरीच्या बारा दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला २ किलोचं वजन. ढकललं की थोडं फिरतं, झोके घेतं, थांबतं.

नवी मुंबईतल्या महापेच्या डेमोत मात्र ते तासभर फिरत होतं. विकणाऱ्यानं ९ वॅटचे दहा बल्ब लावले आणि चाकाचा वेग तसूभरही उतरला नाही. तिथेच डोळे उघडायला हवे होते! लोड पडला की जनरेटर जड होतो, चाक मंदावणारच. लेथवर खोल कट घेतला की मोटर कशी कण्हते, हे रोज ऐकणारे आम्ही. शिवाय डेमोच्या चाकाचा हब (मधला तुंबा) जेवणाच्या डब्याएवढा होता, आणि कोमट! गाळ्यावर आला तो मुठीएवढा. हबात मोटर आणि फरशीला बोल्ट केलेल्या स्टँडमध्ये बॅटरी, दुसरं काय असणार? स्टँड बोल्ट केलेला दिसला तर सोडवायला सांगा. नाही म्हणाला तर सरळ घरी या.

आम्ही अडाणी नाही. डोळाच फसतो. उतरत्या बाजूच्या दांड्या पसरतात, चढत्या बाजूच्या मिटतात, म्हणून उतरती बाजू जड वाटते. पण पसरलेली वजनं थोडी आणि मिटलेली जास्त असतात. चाक थांबलं तिथे ओळंबा धरून आसापासूनची आडवी अंतरं मोजली. उजवीकडे चार वजनं: १८, ४८, ६०, ३५ सेंमी. डावीकडे आठ: २, १२, २४, ३१, ३२, २८, २०, १२. वजनं सगळी सारखी, दोन्हीकडे बेरीज १६१, म्हणजे तोल बरोबरच.

हा हिशेब पैसे देण्याआधी करायचा होता. वजनं फुकट वर चढतात असं धरलं, तरी २४ किलो १.२ मीटर पडून एका फेरीत जेमतेम २८२ ज्यूल मिळतात. मिनिटाला २० फेऱ्या म्हणजे ९४ वॅट. एक सीलिंग फॅन! आणि बोली ३ किलोवॅटची.

‘पेटंट पेंडिंग’चा कागद पाहून विरघळू नका. अर्ज केला की नंबर कुणालाही मिळतो, आणि १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ निसर्गनियमांविरुद्धचे दावे धुडकावतं. भास्कराचार्यांचं नाव तर हमखास निघतं. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पाऱ्याच्या चाकाचं वर्णन आहे, खरंय. त्यावर कुणाची गिरणी चालली?

आणि तक्रार? पोलिस चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला. फसवणुकीचं कलम ४२० आता ३१८ झालं, तेही आम्हीच सांगायचं! सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, ऑनलाइन नाही. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर म्हणे, गाळ्यासाठी घेतलंत, म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही. पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला पावती मागितली. ती साध्या वहीच्या कागदावर, जीएसटी नंबर नाही. (पैसे एनईएफटीनं दिले म्हणून निदान खात्याचा नंबर तरी आहे. रोख देऊ नका.)

चाक भंगारात काढतो म्हटलं, तर हवालदार म्हणाला, ‘मुद्देमाल आहे, हलवू नका.’ तक्रार अजून नोंदवलेली नाही.