घरबदल अनुदान रखडलं: ओम्बड्समन की कोर्ट?

इंग्लंडमध्ये अपंग व्यक्तीच्या घरात रॅम्प, जिन्याची लिफ्ट किंवा बसून अंघोळ करता येईल असं न्हाणीघर करायला कौन्सिल (स्थानिक नगरपालिका) कमाल ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान देते. १९९६ च्या कायद्यानुसार अर्जावर ६ महिन्यांत लेखी निर्णय हवा. खरी मेख इथेच आहे: मुदत पूर्ण अर्ज पोचल्यावर सुरू होते, म्हणून काही कौन्सिलं फॉर्मच देत नाहीत, ‘यादीत नाव आहे’ एवढंच सांगतात. फॉर्म ईमेलने मागा, तारीख जपून ठेवा.

ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) जाणं फुकट. आधी कौन्सिलची तक्रार-प्रक्रिया संपवावी लागते आणि प्रकार कळल्यापासून १२ महिन्यांत जावं लागतं. तो माफी, भरपाई, फेरनिर्णय सुचवतो. शिफारस बंधनकारक नसली तरी कौन्सिलं ती बहुधा पाळतातच. मात्र निव्वळ ‘निर्णय पटला नाही’ चालत नाही. प्रक्रियेतली चूक दाखवावी लागते.

कोर्टाचा आदेश बंधनकारक, पण दावा दाखल करायची मुदत जेमतेम ३ महिने, आणि हरलात तर समोरच्याचाही खर्च अंगावर येऊ शकतो. तक्रारीच्या उत्तराची वाट पाहताना हेच ३ महिने निघून जातात. उलट, आधी कोर्टात गेलात तर त्याच मुद्द्यावर ओम्बड्समनचं दार बंद.

नुसती दिरंगाई असेल तर ओम्बड्समन बरा. फॉर्मच नाकारला असेल तर वकिलाची दावापूर्व नोटीस. बरेचदा तेवढ्यानेच फाईल हलते.

आणि कंटाळून मंजुरीआधी काम सुरू करू नका, अनुदान सहसा हातचं जातं.