आयजेनेटची संधींची यादी: पत्रकारितेच्या विद्यार्थ्याच्या हाती नेमकं काय लागतं?

पत्रकारिता विभागाच्या सूचनाफलकावर फेलोशिपचा कागद लागतो, तेव्हा बऱ्याचदा शेवटच्या तारखेला चारच दिवस उरलेले असतात. तेवढ्यात धड शिफारसपत्र मिळत नाही, मग नमुन्याच्या बातम्यांचं भाषांतर कुठून होणार? म्हणून ज्याला खरंच अर्ज करायचा असतो, तो फलकाची वाट न बघता मूळ याद्या चाळायला लागतो. त्या शोधात लवकरच समोर येणारं नाव म्हणजे आयजेनेट, अर्थात इंटरनॅशनल जर्नालिस्ट्स नेटवर्क.

वॉशिंग्टनमधली इंटरनॅशनल सेंटर फॉर जर्नालिस्ट्स ही १९८४ साली स्थापन झालेली संस्था हे संकेतस्थळ चालवते. त्यावर लेख, मुलाखती, साधनांची ओळख असं बरंच काही असतं. इथे परीक्षण आहे ते फक्त संधींच्या विभागाचं. फेलोशिप, पुरस्कार, अनुदानं, अभ्यासक्रम, स्पर्धा असं सगळं तिथे एकत्र येतं. वाचायला पैसे पडत नाहीत आणि नवीन नोंदी ईमेलनेही मागवता येतात. संधी हुडकायला जागा चांगली आहे. मात्र नुसती नोंद वाचून जो अर्ज भरायला बसेल, त्याची फसगत होणार.

याचं कारण नोंदीच्या घडणीत आहे. एक-दोन परिच्छेदांत कोण देतंय, कुणासाठी, काय मिळेल आणि शेवटची तारीख एवढंच असतं, पुढे मूळ संस्थेचा दुवा. सगळ्या जगासाठी चालणारी यादी अशीच असणार, त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. पण पात्रतेच्या अटी या दोन परिच्छेदांत मावत नाहीत, आणि विद्यार्थ्याचा अर्ज अडतो तो तिथेच.

यादीतला ‘जर्नालिस्ट’ हा शब्द विद्यार्थ्याने सावधपणे वाचावा. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ पगारी किंवा मुक्त पत्रकारिता करत असलेला माणूस असा असतो. हार्वर्डची नीमन फेलोशिप १९३८ पासून चालू आहे आणि तिला माध्यमांतला किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटची पत्रकार फेलोशिपही पाच वर्षांचा अनुभव मागते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशा नोंदी जपून ठेवण्यात काही हशील नाही. ‘मिड-करिअर’ दिसलं की पुढे सरकावं. ‘अर्ली करिअर’ हा शब्द मात्र लवचीक आहे. कुठे त्यात शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसतात, तर कुठे पदवीनंतरची दोन-तीन वर्षं धरली जातात. हा खुलासा मूळ पानावरच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांत मिळतो, यादीत नाही. ‘इमर्जिंग’ किंवा ‘यंग’ असेल तर वय बघायचं आणि ते कोणत्या तारखेला मोजतात तेही. अर्जाच्या दिवशी की कार्यक्रम सुरू होईल त्या दिवशी, एवढ्या फरकानेही अर्ज बाद होतो.

विद्यार्थ्याला खरोखर जवळच्या अशा नोंदीही असतात. थॉमसन फाउंडेशनचा यंग जर्नालिस्ट पुरस्कार ३० वर्षांपर्यंतच्या पत्रकारांसाठी आहे, आणि दरडोई राष्ट्रीय उत्पन्न २०,००० डॉलरच्या खाली असलेल्या देशांतल्याच. त्याला तीन प्रकाशित कामांचा संच लागतो. म्हणजे वर्गातला प्रकल्प चालत नाही, पण ज्याने शिकता शिकता एखाद्या दैनिकासाठी किंवा पोर्टलसाठी बायलाइनसह, म्हणजे बातमीवर स्वतःच्या नावासह, लिहिलंय त्याला दार उघडं आहे. याउलट १९५८ मध्ये स्थापन झालेला डाऊ जोन्स न्यूज फंड विद्यार्थ्यांसाठीच इंटर्नशिप चालवतो, पण ती अमेरिकेत शिकणाऱ्या आणि तिथे काम करण्याची परवानगी असणाऱ्यांची गोष्ट. शीर्षकात ‘स्टुडंट’ आहे म्हणून उडी मारण्याआधी कोणत्या देशातला स्टुडंट, हे विचारायलाच हवं.

यादी चाळताना क्रम ठरवून घेतला तर वीस मिनिटांत आठवड्याच्या नोंदी संपतात. आधी पात्रता, मग देश, मग कामाची भाषा, मग पैसे, आणि तारीख सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. तारीख बघून दचकतात, घाईत अर्ज भरतात आणि भाषेची अट तिसऱ्या पानावर वाचतात. पैशांच्या रकान्यात ‘फुल्ली फंडेड’ असेल तर प्रवास, राहणं, जेवण, व्हिसा आणि विमा यांतलं नेमकं काय दिलंय ते मोजावं. व्हिसाचा खर्च आणि विमा अनेकदा बाहेर राहतो. ‘रोलिंग’ लिहिलं असेल तर ठरलेली शेवटची तारीख नाही, अर्ज येतील तसे तपासले जातात आणि जागा किंवा पैसे संपले की खिडकी बंद. त्यामुळे रोलिंगचा अर्ज सगळ्यांत आधी करायचा असतो. तारीख नाही म्हणून तो मागे ठेवणं ही नेहमीची चूक.

तारखेचे घोळ वेगळेच. अमेरिकी पानावर ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल, ब्रिटिश पानावर तेच ४ मे. त्यात रात्री ११:५९ कुठले? ‘ईस्टर्न’, म्हणजे न्यूयॉर्कची वेळ, म्हटलं तर हिवाळ्यात ती जागतिक प्रमाणवेळेच्या पाच तास मागे आणि उन्हाळी वेळेत चार तास. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चारवर येतो, आणि मागच्या वर्षीचा हिशोब वापरणारा तासाने चुकतो. काही ठिकाणी ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असतं. ती सगळ्यात उदार वेळ, जागतिक वेळेच्या बारा तास मागे. वेळ लिहिलेलीच नसेल तर संस्थेच्या शहरातली संध्याकाळची कार्यालयीन वेळ धरून चालावं. मध्यरात्र गृहीत धरू नये. यादीतल्या तारखेवर तर विसंबूच नये. मुदत वाढते ती मूळ पानावर, आणि यादीत जुनी तारीख तशीच राहू शकते.

आता मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण, ज्याबद्दल अशा याद्या अर्थातच काही सांगत नाहीत. अर्जात नमुन्याचं काम मराठीत चालेल असं असलं तरी परीक्षकाला ते वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी भाषांतर किंवा सारांश मागतात. भाषांतर करताना शब्दसंख्या फुगते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, इंग्रजीत ती सुटी पडतात, वर ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही आर्टिकल्स. ८०० शब्दांची मराठी स्टोरी सहज सव्वापट होते आणि शब्दमर्यादा ओलांडते. म्हणून पूर्ण भाषांतराऐवजी मथळ्याचं भाषांतर, पहिले दोन परिच्छेद पूर्ण आणि उरलेल्याचा सारांश, असं चालतं का ते आयोजकांना आधी ईमेलने विचारून घ्यावं.

अक्षरमर्यादेचा फास आणखी बारीक आहे. फॉर्मवर ‘५०० कॅरेक्टर’ असेल तर यंत्र स्वर, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं. ‘पत्रकारिता’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरं दिसतात, फॉर्मला दहा. देवनागरीत परिचय लिहायचा असेल तर जागा जवळपास निम्मी धरा. आणि जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली कॉपी फॉर्ममध्ये चिकटवली तर परीक्षकाला नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. वृत्तपत्राच्या पानाची पीडीएफ त्याच फाँटमध्ये असेल तर ती जोडावी, पण तिच्यातून मजकूर कॉपी करू नये.

प्रकाशित कामाचे दुवे मरतात. पोर्टल बंद पडतं, रचना बदलते, बातमी पेवॉलमागे, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या पानावर, जाते. बातमी छापून आल्याच्या दिवशीच वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ वापरून तिची प्रत ठेवावी आणि पानाची पीडीएफही काढावी. दोन्ही कामं मिळून पाच मिनिटांची. बायलाइन ‘विशेष प्रतिनिधी’ असेल तर संपादकाकडून दोन ओळींचं पत्र लागतं, आणि ते नोकरी किंवा इंटर्नशिप सुटण्याआधी मागितलेलं बरं. गटाने केलेल्या कामात आपण नेमकं काय केलं, म्हणजे मुलाखती, आकडे, छायाचित्रं की संपादन, ते एका ओळीत लिहावं. हे न लिहिलेला अर्ज परीक्षकाला मोघम वाटतो.

स्पर्धांच्या नोंदींबद्दल खास इशारा. मोठी फेलोशिप आणि कुठल्याशा कंपनीची छायाचित्र स्पर्धा एकाच यादीत आली तर एकाच तोलाची वाटायला लागतात. स्पर्धेच्या नियमांत ‘पर्पेच्युअल’, ‘इर्रिव्होकेबल’ आणि ‘सबलायसन्सेबल’ हे तीन शब्द एकत्र दिसले, तर छायाचित्र कायमचं, परत न घेता येईल असं आणि तिसऱ्यालाही देता येईल असं त्यांच्या हाती जातं. काही नियमांत हे फक्त विजेत्यांना लागू असतं, काहींत सहभागी प्रत्येकाला. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत भाग घेणं म्हणजे फुकटात छायाचित्रं पुरवणं. आधी छापून आलेलं काम असेल तर त्याचा हक्क आपल्याकडे आहे की दैनिकाकडे, हाही प्रश्न उरतोच. अर्जासाठी किंवा ‘निवड झाल्यावर’ पैसे मागितले, तर संस्थेचं नाव गूगलमध्ये टाकून भागत नाही. ईमेलचा डोमेन, म्हणजे @ नंतरचा भाग, अधिकृत संकेतस्थळाशी अक्षरन् अक्षर जुळतो का ते बघावं.

आयजेनेटची मोठी उणीव म्हणजे जवळपासच्या इंटर्नशिप. स्थानिक दैनिकाच्या डेस्कवरची दोन महिन्यांची जागा अशा जागतिक यादीत येईल ही अपेक्षाच चुकीची. ती विभागाच्या फलकावर, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा थेट वृत्तसंपादकाला विचारूनच कळते. पहिल्या वर्षाला तर तीच जास्त कामाची, कारण तिथून आलेल्या बायलाइन नसतील तर वरच्या निम्म्या नोंदी वाचूनही उपयोग नाही.

शिकायचंच असेल तर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातलं, पत्रकारितेचं प्रशिक्षण देणारं नाइट सेंटर यादीपेक्षा सरस आहे. रोसेंताल आल्वेस यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राचे खुले ऑनलाइन अभ्यासक्रम बहुधा चार आठवड्यांचे असतात, आपल्या वेळेने करता येतात आणि संपल्यावर त्यांचं साहित्यही बघायला खुलं राहतं. प्रमाणपत्र हवं असेल तर चाचण्या आणि चर्चेतला सहभाग पूर्ण करून वेगळं शुल्क भरावं लागतं. विद्यापीठाचे श्रेयांक (क्रेडिट) त्यातून मिळत नाहीत, हे नावनोंदणीआधीच माहीत असलेलं बरं. शोधपत्रकारितेकडे कल असणाऱ्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम नेटवर्कचं अनुदानं आणि फेलोशिपचं पान बघावं. तिथली यादी आटोपशीर आहे आणि सोबतचं मार्गदर्शन जास्त खोल. फक्त तिथल्याही बऱ्याच अनुदानांना प्रकाशनाची हमी देणारं संपादकाचं पत्र लागतं.

हे सगळं रोज उघडून बघण्यात वेळ जातो, म्हणून ठरवलेल्या शब्दांची नवी पानं ईमेलने कळवणारा गूगल अलर्ट लावावा. शोधशब्द इंग्रजीत, विद्यार्थी आणि पत्रकारिता हे दोन अवतरणात, पुढे फेलोशिप, आणि ‘मिड-करिअर’ वजाचिन्ह लावून वगळलेलं. अलर्ट आठवड्यातून एकदाच येईल असा ठेवला तर इनबॉक्स तुंबत नाही. सापडलेल्या नोंदींसाठी एक तक्ता पुरतो: संस्थेचं नाव, मूळ पानाचा दुवा, आपल्या घड्याळातली शेवटची वेळ, लागणारे नमुने, शिफारसपत्रं किती आणि कोणाकडून, नियम वाचले की नाही. शिफारसपत्राच्या रकान्यात शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधीची तारीख टाकावी आणि प्राध्यापकांना पत्र मागताना सोबत जाहिरात, आपला परिचय आणि एक नमुना बातमी द्यावी. फॉर्म गूगलचा असेल आणि त्यात फाइल जोडायची असेल तर खात्यात लॉगिन करावंच लागतं. ते शेवटच्या रात्री सायबर कॅफेत किंवा मित्राच्या लॅपटॉपवर लक्षात आलं, तर पासवर्डचा कोड जुन्या फोन नंबरवर जातो.