क्रूझ कंट्रोलचे पैसे घेतले, बसवलं भलतंच

बाबांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिला मारुती ईकोचं 1.2 लिटर पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला, तेही आरटीओची परवानगी काढून. नवा इंजिन नंबर आरसीवर चढला. आईला घेऊन महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागतं, म्हणून क्रूझ कंट्रोल हवा होता, म्हणजे पेडलवर पाय न ठेवता गाडी ठरवलेल्या वेगानं चालते.

सोलापुरातलाच एक गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन नवं हाय मालक, क्रूझ त्यातच असतंय, नुसतं चालू करायचं." बावीस हजार ठरले. पंधरा यूपीआयनं दिले, सात रोख. बिल मागितलं तर "घरचंच काम हाय की" म्हणाला, आणि मी गप्प बसलो. गाडी देताना बटण दाबून हिरवा दिवा दाखवला.

सावळेश्वर टोलनाका ओलांडून 80 वर सेट केलं. उड्डाणपूल चढताना वेग 68 वर आला, उतरताना 95 च्या पुढे. टेंभुर्णीच्या अलीकडे समोर ट्रक आडवा आला. ब्रेक दाबला तरी इंजिन ओढतच होतं, क्लच दाबला तर रेस एकदम भडकली. बटण बंद करेपर्यंत आईनं डॅशबोर्ड घट्ट धरून ठेवला होता. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियननं उघडून दाखवलं. या इंजिनाला थ्रॉटलची (अॅक्सिलरेटरची) तार नसते, पेडलचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, व्होल्टेज देतो. गॅरेजवाल्यानं मधे बसवलेला डबा तेवढंच व्होल्टेज धरून ठेवत होता. गाडीचा वेग त्याला कळतच नव्हता! पद्मिनीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्यामुळे वेगाचा सिग्नल गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून वेगळा आणावा लागतो. ती वायर जोडलेलीच नव्हती. ब्रेकची वायर टेप गुंडाळून सोडून दिलेली, आणि क्लचला स्विचच नाही.

तुमच्या जुन्या गाडीला कुणी हे बसवणार असेल तर आधी विचारा, वेगाचा सिग्नल कुठून घेणार? पैसे देण्याआधी मोकळ्या रस्त्यावर त्यालाच शेजारी बसवा. ब्रेकला नुसता पाय लागला तरी क्रूझ सुटला पाहिजे, क्लचलाही तसंच. आणि पक्कं बिल घ्याच, ओळखीचा असला तरी.

तो गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयच्या नोंदी काढून मी अर्ज तयार केलाय. तो डबा आणि टेप गुंडाळलेली वायर तशीच पिशवीत ठेवली आहे, सुनावणीला नेणार आहे.